पायाची नखं

अण्णांचे पाय मी नीट पाहिले ते आयसीयूत, चौथ्या दिवशी. भेटायची वेळ सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. तोंडात नळी, नाकात नळी, दोन्ही हात पट्टीने कठड्याला बांधलेले. हात लावायला मोकळी अशी पावलंच काय ती उरली होती. चादर वर सरकवली आणि थबकले. नखं वाढून बोटांवर वळली होती. जाड, पिवळट. अंगठ्याचं नख शेजारच्या बोटात रुतून तिथे जखम झाली होती.

अण्णा म्हणजे घरात बसतानाही इस्त्रीचा सदरा घालणारे गृहस्थ. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून नखं कापायची, ही त्यांची माझ्या लहानपणापासूनची रीत. ती कधी बंद पडली ते मला कळलंच नव्हतं. वाकून पायापर्यंत हात पोचेनासा होऊन त्यांना बरेच महिने झाले असणार. आईला बारीक दिसत नाही, आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, शुगर किती आली. नखांचं विचारायचं असतं हे माझ्या गावीही नव्हतं.

ते ऐंशी वर्षांचे होते. पहाटे बाथरूमकडे जाताना पडले आणि खुबा मोडला. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं असं सर्जन म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग छातीत कफ भरला, ऑक्सिजन खाली आला, व्हेंटिलेटर लागला. पडल्यापासून सतराव्या दिवशी ते गेले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिथल्या सिस्टर मनापासून काम करत होत्या आणि डॉक्टरांनी आमच्यापासून काही लपवलं असंही मला वाटत नाही. रोज एक कागद पुढे यायचा, त्यावर मी सही करायचे. सेंट्रल लाइनसाठी सही, रक्त चढवण्यासाठी सही, अकराव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी घालण्यासाठी सही. मी विचारलं, ‘‘याने ते घरी येतील का?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘प्रयत्न करू या.’’ बंगळूरहून धाकटा भाऊ फोनवर म्हणत होता, ‘‘ताई, सगळं करा, पैशाचा विचार करू नका.’’ मी सही केली.

त्या सतरा दिवसांतली एक गोष्ट मला सोडून जात नाही. तेराव्या दिवशी गुंगीचं औषध कमी केलं होतं, सिस्टरने थोडा वेळ उजवा हात सोडून दिला. अण्णांनी माझा तळवा ओढून घेतला आणि बोटाने त्यावर काही लिहायला लागले. पहिलं अक्षर मला कळलं, ‘घ’. पुढचं लिहिताना बोट थरथरलं आणि घसरलं. पुन्हा ‘घ’. घरी? की घोट, पाण्याचा घोट? नळी असलेल्या माणसाला किती तहान लागते ते मी नंतर वाचलं. मी विचारलं, ‘‘घरी जायचंय का?’’ त्यांनी डोळे मिटले. त्याला होकार समजायचं की थकवा, ते मला आजही ठरवता येत नाही.

१९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडलं, १५ तारखेला ते गेले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. रेडिओवरची बातमी ऐकून अण्णा म्हणाले होते, ‘‘असं जाता आलं पाहिजे.’’ व्हेंटिलेटरपाशी उभं राहून मला हे वाक्य आठवलं आणि मी ते भावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘ताई, तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. अडतिसाव्या वर्षी कोणीही असं म्हणेल.’’ त्याचंही बरोबर होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी बोललेल्या एका वाक्यावर बापाचा श्वास कसा तोलायचा? मधल्या काळात आम्ही त्यांना पुन्हा कधी विचारलंच नव्हतं.

दिवस झाल्यावर घरात खूप रिकामपण आलं. बँकेतून मी वर्षभरापूर्वीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, तीही आईअण्णांकडे बघता यावं म्हणून. एका मैत्रिणीने अतुल गवांदे यांचं ‘बीइंग मॉर्टल’ आणून दिलं आणि म्हणाली, आत्ता नको, वाटेल तेव्हा वाच. मी त्याच रात्री उघडलं. गवांदे बोस्टनचे सर्जन, पण त्यांच्या वडिलांचं गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. त्यांचे आजोबा सीताराम गवांदे शंभरी ओलांडल्यावरही घोड्यावरून शेताची फेरी मारायचे आणि जवळजवळ एकशे दहा वर्षं जगले. ते वाचताना आधी छान वाटलं. मग मनात आलं की त्या भरल्या घरात त्यांचं पाणी तापवणाऱ्या, ताट वाढणाऱ्या सुनाही होत्या, आणि त्यांना काय वाटत होतं ते कुठे लिहिलेलं नाही. गवांदेही त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गात बसत नाहीत, म्हणून मी पुढे वाचत गेले.

आणि त्या पुस्तकात पायांचा प्रसंग आला. वृद्धांचे एक डॉक्टर पंचाऐंशी वर्षांच्या बाईंना तपासतात. पाठदुखी, फुप्फुसातली गाठ, रक्तदाब, तक्रारी पुष्कळ. पण डॉक्टर बराच वेळ घेतात तो तिच्या पावलांवर. बूट-मोजे काढून एकेक बोट बघतात. नखं न कापलेली, बोटांच्या मधे जखमा. ते पाहून ते ठरवतात की या बाईंना खरा धोका पडण्याचा आहे. मी पुस्तक मिटलं. त्या रात्री पुढे वाचलं नाही.

नंतर वाचलं ते सांगते, कारण ते आमच्या घरात तंतोतंत बसलं. म्हातारपणी पडण्याची मुख्य कारणं तीन: तोल बिघडणं, चारपेक्षा जास्त औषधं चालू असणं आणि स्नायू अशक्त होणं. तिन्हींपैकी एकही नसलेल्या वृद्धाला वर्षभरात पडण्याचा धोका बारा टक्के, तिन्ही असतील तर जवळजवळ शंभर. मी अण्णांचा गोळ्यांचा डबा काढून पाहिला. रक्तदाबाच्या दोन, मधुमेहाची एक, प्रोस्टेटची एक, अ‍ॅसिडिटीची एक आणि रात्री झोपेची एक. सहा. प्रत्येक गोळी वेगळ्या डॉक्टरने कधीतरी योग्य कारणासाठी दिलेली. सगळ्या एकत्र बघितल्या त्या मी, ते गेल्यावर.

मग एका मागून एक पुस्तकं आणली. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मूळच्या स्विस डॉक्टरीणबाईंनी शिकागोच्या हॉस्पिटलात मरणाऱ्या माणसांशी बोलून १९६९ मध्ये लिहिलेलं पुस्तक. त्यातल्या पाच अवस्था सगळ्यांना ऐकून माहीत असतात. मला त्या अवस्थांपेक्षा मोलाचं वाटलं ते हे की कोणीतरी खुर्ची ओढून त्या माणसांशेजारी बसलं आणि त्यांनाच विचारलं. पॉल कलानिथींचं पुस्तक अर्धंच वाचून ठेवलं. सदतिसाव्या वर्षी गेलेल्या त्या न्यूरोसर्जनचं दुःख फार मोठं आहे, पण माझं दुःख वेगळं होतं. माझा माणूस आयुष्य जगून झालेला होता, मला खटकत होते ते शेवटचे सतरा दिवस.

तिसरं पुस्तक आमच्याच कपाटात निघालं, डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकार झाल्यावर गडचिरोलीतल्या या डॉक्टरांनी मरणाची भीती, आहार, चालणं, ध्यान या सगळ्यांविषयी लिहिलेलं. मराठी घरांत हे पुस्तक आजारी माणसाला भेट द्यायचा प्रघातच पडला होता. अण्णांच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा होत्या, बहुतेक चालण्याच्या मजकुराशेजारी. ते वाचल्यापासून अण्णा रोज सकाळी पाऊण तास चालायचे, पंचाहत्तरी उलटेपर्यंत. त्याच्या खालच्या खणात आजोबांचं पिवळं पडलेलं पुस्तक होतं, औंधच्या पंतप्रतिनिधींचं सूर्यनमस्कारांवरचं. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. भवानराव पंतप्रतिनिधींनी औंध संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सुरू केले होते, आणि आजोबांनी ती शिस्त अण्णांना लावली. अण्णा पासष्टीपर्यंत रोज पंचवीस नमस्कार घालायचे. मग हर्नियाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तीन महिने व्यायाम बंद ठेवायला सांगितला. ते तीन महिने पंधरा वर्षं चालले. बंद करा सांगायला घरात, शेजारात, दवाखान्यात सगळे असतात. पुन्हा सुरू करा असं अण्णांना कोणीच म्हटलं नाही. मीही नाही.

चालणं चांगलंच. पण सपाट रस्त्यावर चालून जमिनीवरून उठण्याची ताकद टिकत नाही, वाकण्याची तर नाहीच. आमच्या आजीच्या पिढीत हे सगळं दिवसभरात आपोआप व्हायचं. भाजी निवडायला खाली बसणं, जेवायला पाट, संडासला उकिडवं, जात्यापासून चुलीपर्यंत दहा वेळा ऊठबस. मग कट्टा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला. गुडघे झिजलेल्या माणसाला हे सगळं हवंच आहे. माझं म्हणणं तेवढंच की ज्यांचे गुडघे धड होते त्यांनीही खाली बसणं सोडून दिलं, आणि सोडलेल्या ऊठबशीच्या जागी दुसरं काही केलं नाही.

ब्राझीलच्या क्लाउदिओ गिल अराउजो या डॉक्टरांच्या गटाने एक साधी चाचणी वापरली, त्याविषयी मी वाचलं. उभ्याने जमिनीवर बसायचं आणि परत उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा, कोपर, कशाचाही आधार घेतला की दर वेळी एक गुण वजा, डगमगलं तर अर्धा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाची दोन हजारांवर माणसं होती, आणि कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त आढळलं. मी देवघरासमोर उभी राहिले, बसले आणि उठले. उठताना आधी उजवा हात टेकला, मग गुडघा, मग दुसरा हात मांडीवर. बसतानाही हात टेकला होता. सहा गुण. वय छप्पन्न. अण्णांच्या वाटेवर मी बरीच पुढे आले होते.

पुढचं वर्ष मी त्या देवघरासमोरच काढलं असं म्हटलं तरी चालेल. एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. तिने गुडघे बघितले, म्हणाली थोडी झीज आहे पण काम करता येईल. सुरुवात खुर्चीपासून. हात छातीवर घडी करून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा होईल तितकं. पहिल्या दिवशी नऊ. नवव्याला मांड्या थरथरत होत्या. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, हात बेसिनजवळ. टाचेला बोटं लावून रेघेवर चालल्यासारखं चालायचं. उकिडवं बसायला आधी खिडकीचा गज धरून, मग दाराची चौकट धरून, सात महिन्यांनी काहीच न धरता. नमस्कार सर्वांत शेवटी, तीनपासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगितले आहेत. आपल्याकडे पहिलं वाक्य पोचलं, म्हणून बागा भरलेल्या दिसतात. दुसरं आणि तिसरं पोचलेलं दिसत नाही.

मधे तीन वेळा सोडलं. एकदा पाठीत उसण भरली, एकदा आईचा मोतीबिंदू, एकदा नुसतंच मन उडालं. प्रत्येक वेळी अण्णांचे ते तीन महिने आठवले आणि पुन्हा सुरू केलं. हा एवढाच माझा उपाय आहे, दुसरा मला सापडला नाही.

कोणी म्हणेल, शेवटी मरायचंच आहे तर मांड्या कशाला बळकट करायच्या? मला हा प्रश्न आता पडत नाही. २०१३ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं की अतिदक्षता विभागात गंभीर आजारी माणसाच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सरासरी सुमारे अठरा टक्क्यांनी घटतो. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे मला हे लगेच कळलं. तिथे काही जमा होत नाही, नुसतं काढलंच जातं. शिल्लक घेऊन गेलेला माणूस कदाचित परत येतो, खातं आधीच रिकामं असलेला येत नाही. आणि शिल्लक असूनही परत येता येणार नसेल, तर काय करायचं ते आधी लिहून ठेवायला हवं. ही दोन कामं मला वेगळी वाटेनाशी झाली. म्हणून नमस्कार बारावर पोचले त्याच महिन्यात मी माझं लिव्हिंग विल करायला घेतलं.

त्याची प्रक्रिया सविस्तर लिहिते, कारण मला ती कुठेच नीट एकत्र मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि शुद्धीवर असताना माणूस आपल्या उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवू शकतो. पण तेव्हा त्या कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने अट सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

नोटरीने आधी विचारलं, ‘‘मृत्युपत्र ना? घर कोणाच्या नावावर आहे?’’ मी म्हटलं, संपत्तीचं नाही, उपचारांचं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे इच्छामरण? ते बेकायदा आहे.’’ त्याला अरुणा शानभागांची केस आठवत होती. केईएमच्या त्या परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये न्यायालयाने त्यांच्यासाठी केलेली याचिका फेटाळली, पण उपचार थांबवायला तत्त्वतः वाट मोकळी केली. मी २०१८ आणि २०२३ च्या निकालांच्या छापील प्रती नेल्या होत्या. त्याच्या टेबलाशी बसून समजावलं की इंजेक्शन देऊन मारा असं मी कुठेही म्हणत नाही. बरं होण्याची आशा उरली नसेल आणि मला स्वतःला बोलता येत नसेल, तर फक्त मरण लांबवणारे उपचार सुरू करू नका, केले असतील तर थांबवा, आणि वेदना मात्र पूर्ण शमवा. त्याने दोन्ही निकालांतली पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘‘माझ्या आईचं असंच झालं होतं.’’ पाचशेच्या स्टँपपेपरवर करू या, असं तोच म्हणाला.

मजकूर लिहायला मला नोटरीपेक्षा खूप जास्त वेळ लागला, तीन आठवडे. पहिल्या खर्ड्यात नुसती यादी होती. छाती दाबून हृदय सुरू करू नका, व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, नाकातून अन्न नको. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो वाचून विचारलं, ‘‘उद्या न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटर लावून तुम्ही बऱ्या होणार असाल, तर?’’ मी गप्प. मग त्यांनी सांगितलं की यंत्र वाईट नसतं, ते कुठे नेणार आहे हे महत्त्वाचं. यादीच्या आधी तुम्हाला कसं जगणं चालेल ते लिहा.

गवांदेंच्या पुस्तकात याच जागी एक गोष्ट आहे. सुझन ब्लॉक या डॉक्टरांचा व्यवसायच मरणाऱ्यांशी बोलण्याचा, तरी स्वतःच्या वडिलांना त्यांनी मानेच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मोठ्या कष्टाने विचारलं की तुम्हाला कशासाठी जगावंसं वाटेल. प्राध्यापक असलेले ते वडील म्हणाले, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आलं तर बरंच काही सोसायची माझी तयारी आहे. मुलीला धक्काच बसला, तिने त्यांना कधी फुटबॉल बघताना पाहिलं नव्हतं. ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला, तीन मिनिटांत निर्णय घ्यायचा होता, आणि त्या उत्तरावर तिने तो घेतला. माझ्याकडे अण्णांचं असं एकही उत्तर नव्हतं. ‘घ’ होता.

शेवटी मी असं लिहिलं: समोरचं माणूस ओळखता येणं, मनातलं सांगता येणं, मग ते खुणेने का होईना, आणि तोंडाने चार घास गिळता येणं. हे परत मिळण्याची आशा असेल तोवर सगळे उपचार करा, चालता आलं नाही तरी चालेल. ही आशा नाही असं डॉक्टर सांगतील तेव्हा यंत्रं काढा, मला वेदना होऊ देऊ नका, शक्य असेल तर घरी आणा. त्याच्या खाली मग यादी. निर्णय घेणारे म्हणून मुलाचं आणि धाकट्या बहिणीचं नाव घातलं. एकाहून जास्त नावं देता येतात हेही २०२३ पासूनचं.

हा कागद असला म्हणजे लगेच यंत्र बंद होतं असं नाही, आणि तसं होऊही नये. हॉस्पिटलने आधी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं मंडळ नेमायचं. मग दुसरं मंडळ, त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं, कागदात नावं दिलेल्या माणसांची संमती घ्यायची आणि उपचार काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मन बदललं तर कागद कधीही लेखी रद्द करता येतो.

एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे ठेवली. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, त्यांनी ती सांभाळणारा माणूस नेमायचा असतो. मुंबई महापालिकेने असे अधिकारी नेमले आहेत. आमच्या शहरातल्या कार्यालयात मी जन्म-मृत्यू नोंदणीपासून आरोग्य विभागापर्यंत तीन खिडक्या फिरले. कोणी उद्धटपणे बोललं नाही, पण कोणालाच काही माहीत नव्हतं. चौथ्या खेपेला एका कारकूनबाईंनी प्रत वाचायला घेतली, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली, आवक रजिस्टरमध्ये नोंद करून शिक्का मारून दिला आणि हळूच म्हणाल्या, ‘‘याचा नमुना मिळेल का मला?’’ मी माझ्याकडची जादा प्रत तिथेच दिली.

मुलाला कागद वाचायला दिला त्या दिवशी तो काही न बोलता उठून गच्चीवर गेला. तासाने खाली आला आणि त्याने एकच विचारलं, ‘‘आई, ओळखता येणं म्हणजे नाव सांगता येणं, की नुसतं बघून हसणं?’’ मी म्हटलं, हसणं पुरे. त्याने पेन घेऊन त्या ओळीशेजारी तसं लिहिलं, मी खाली सही केली. नंतर कळलं की नोटरी झालेल्या कागदावर अशी भर टाकून चालत नाही, म्हणून सगळं पुन्हा केलं. त्या दुसऱ्या फेरीचं मला काहीच वाटलं नाही. भावाला पीडीएफ पाठवली. त्याचा रात्री उशिरा फोन आला, बराच वेळ तो अण्णांविषयीच बोलत राहिला.

राहिली आई. ती सत्त्याहत्तरची आहे. खुर्चीतून उठण्याचा व्यायाम ती आता माझ्याबरोबर करते, टेबलाला हात लावून आठ वेळा. तिच्या गोळ्या डॉक्टरांना एकत्र दाखवल्या, त्यांनी दोन कमी केल्या. दर रविवारी मी तिचे पाय कोमट पाण्यात ठेवते, पुसते आणि नखं कापते. ती मोकळेपणाने बोलते ती याच वेळी, बहुधा मी खाली मान घालून असते म्हणून. मी तिच्यासाठीही कागदाचा खर्डा करून ठेवला होता, माझ्यासारखाच. अण्णांचे ते सतरा दिवस तिनेही पाहिलेत, तेव्हा ती नकोच म्हणेल असं मी गृहीत धरलं होतं.

गेल्या रविवारी विचारलं. ‘‘आई, तुझ्यावर तशी वेळ आली तर आम्ही काय करावं?’’

ती थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मला लावा ते मशीन.’’

मी वर पाहिलं.

‘‘अशी काय बघतेस? नातवाचं लग्न व्हायचंय अजून. पंधरा दिवस बघा. पंधरा दिवसांत मी डोळे उघडून तुला हाक मारली नाही, तर मग पुरे. पण त्या पंधरा दिवसांत बाहेरच्या बाकड्यावर बसू नका. कोणीतरी माझा पाय धरून आत बसा.’’

आत बसू देत नाहीत, भेटायची वेळ दहा मिनिटांची असते, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. खर्डा फाडला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. कुठलं हॉस्पिटल नातेवाइकाला आत बसू देतं, याची चौकशी मी सोमवारपासून सुरू केली आहे. दोन ठिकाणी फोन झाले, एका ठिकाणी परिचारिकांच्या प्रमुखांनी प्रत्यक्ष येऊन भेटायला सांगितलं आहे.

मी लिहीत होते तोवर आई पाय टॉवेलवर ठेवून बसली होती. लिहून झालं तशी म्हणाली, ‘‘डाव्या करंगळीचं राहिलंय बघ.’’